सुई हलत नाही आणि जर्नलमध्ये मात्र ‘विचलित झाली’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावीच्या प्रात्यक्षिकांचे दिवस आले की शाळाशाळांतल्या जर्नलांत एक वाक्य हमखास उतरतं : ‘विद्युतधारा सुरू केल्यावर चुंबकसूची विचलित झाली.’ किती अंशांनी? कुठल्या बाजूला? तार सुईपासून किती अंतरावर होती? याची उत्तरं फारशी सापडत नाहीत, कारण बऱ्याच टेबलांवर सुई हललेलीच नसते. दोष मुलांचा नाही, शिक्षकांचाही फारसा नाही. प्रयोग दिसायला सोपा आहे, पण त्यात पाय घसरायच्या चार-पाच जागा आहेत आणि त्या पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत दिसत नाहीत. त्या जागा आणि त्यांचे आकडे सांगायला हे पत्र. पत्र लांबलं आहे. कात्री लावायचीच झाली तर इतिहासाला लावावी, आकड्यांना लावू नये, ही विनंती.

सुरुवात सुईपासूनच. चुंबकसूची मोकळी बसलेली नसते, पृथ्वीनं तिला उत्तरेकडे धरून ठेवलेलं असतं. महाराष्ट्रात या ओढीचा आडवा भाग सुमारे ३८ मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आहे. तारेतून धारा गेली की तारेभोवती गोलाकार चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्याचा हिशेब तोंडी करता येतो : सरळ लांब तारेत १ अँपिअर धारा असेल तर १ सें.मी. अंतरावर २० मायक्रोटेस्ला. धारा दुप्पट तर क्षेत्र दुप्पट, अंतर दुप्पट तर क्षेत्र निम्मं. पृथ्वी एका बाजूला ओढते, तार दुसऱ्या, आणि सुई मध्ये कुठेतरी थांबते. तार सुईच्या बरोबर वर दक्षिणोत्तर ताणली असेल तर १ अँपिअरला १ सें.मी.वर सुई साधारण २८ अंश वळते, २ अँपिअरला ४६. अंतर २ सें.मी. झालं की १ अँपिअरला जेमतेम १५ अंश. आता दोन पेन्सिल सेल आणि मध्ये टॉर्चचा छोटा बल्ब, ही शाळेतली नेहमीची मांडणी घ्या. धारा पाव अँपिअरच्या आसपास, तार चुंबकसूचीच्या डबीच्या काचेवर अधांतरी, अंतर २ सें.मी. विचलन ४ अंशांच्या आत. एवढी सुई डबीला बोट लागलं तरी हलते. एक मुलगा म्हणतो ‘हलली’, शेजारचा म्हणतो ‘तू हलवलीस’, आणि दोघंही खरं बोलत असतात.

अंतर काचेपासून मोजू नये, सुईपासून मोजावं. साध्या डबीत सुई काचेखाली चार-पाच मि.मी. असते, म्हणजे तार काचेला टेकवली तरी अर्धा सें.मी. तिथेच गेला.

सगळ्यांत जास्त प्रयोग फसतात ते दिशेमुळे. तार पूर्व-पश्चिम ठेवली तर तारेचं क्षेत्र सुईच्या जागी दक्षिणोत्तर पडतं, म्हणजे पृथ्वीच्याच रेषेत. धारा एका दिशेनं सोडली तर सुईची पकड आणखी घट्ट होते, उलट सोडली तर सैल होते, पण सुई जागची हलत नाही. तारेचा जोर पृथ्वीपेक्षा वाढला तरच ती एकदम १८० अंश फिरते, आणि १ सें.मी.वर त्यासाठी जवळजवळ २ अँपिअर लागतात. म्हणून आधी तार न जोडता डबी टेबलावर ठेवा, सुई शांत होऊ द्या, मग सुईला समांतर तार ताणून दोन्ही टोकं चिकटपट्टीनं पक्की करा. धारा शेवटी. फळ्याला समांतर किंवा टेबलाच्या कडेला समांतर तार लावायची सवय मोडायला हवी.

टेबलाचंही बघायला हवं. नव्या प्रयोगशाळांतली टेबलं लोखंडी चौकटीची असतात, वर ग्रॅनाइट. चौकटीजवळ सुई दहा-वीस अंश तिरकी उभी राहते आणि तीच उत्तर दिशा समजून पुढचं सगळं मांडलं जातं. डबी टेबलावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू सरकवत न्या. सुई वाटेत फिरत असेल तर ते टेबल या प्रयोगाला निकामी. लाकडी स्टूल घ्या आणि ते खोलीच्या मध्यभागी ठेवा. मोबाइल शेजारी नको, त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

आणि सुई स्वतः खरं बोलते का, हेही एकदा तपासावं. हल्ली खेळण्यांत, पर्सच्या बटणांत, फ्रिजवरच्या चित्रांत निओडिमियमचे चुंबक असतात. असा एखादा डबीवर ठेवला गेला की सुईचं टोक उलटतं, आणि लाल टोक दक्षिण दाखवू लागतं. तपासायला ऊन पुरे. काठी उभी रोवा. फेब्रुवारीत पुण्या-मुंबईकडे दुपारी पाऊणच्या सुमारास, नागपूरकडे साडेबाराच्या सुमारास तिची सावली सगळ्यांत आखूड होते आणि उत्तरेकडे पडते. सुईचं लाल टोक तिकडे हवं. उलटं असेल तर जोरदार चुंबकाचं उत्तर टोक काचेवरून सुईच्या लाल नसलेल्या टोकाशी न्या, क्षणभर थांबा आणि सुईच्याच रेषेत सरळ मागे ओढून घ्या. आडवं फिरवत काढलं तर पुन्हा घोळ.

आता धारा. पेन्सिल सेलमधून एक-दोन अँपिअर सतत मागणं म्हणजे शेळीला नांगराला जुंपणं. साधा सेल पहिले काही सेकंद देतो, मग उतरतो. दोन्ही टोकं नुसत्या तांब्याच्या तारेनं जोडली तर तो शॉर्टच झाला : एक मीटर तारेचा रोध ओहमच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढा, म्हणजे धारा ठरवतो तो सेलचा अंतर्गत रोध, आणि तो प्रत्येक सेलचा वेगळा, शिवाय दर मिनिटाला बदलणारा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी तर याहून वाईट. आकडा मोठा, पण आतले सहा सेल इवलेसे.

यावर स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे १२ व्होल्टची दुचाकीची बॅटरी आणि तिच्याशी एकसरीत गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब. बल्ब तारेचा हवा, एलईडी चालणार नाही. २१ भागिले १२, म्हणजे पावणेदोन अँपिअर. पुढे तार एक मीटर असो की पाच, धारा साधारण तेवढीच राहते, आणि तारेची टोकं चुकून एकमेकांना लागली तरी बल्बच पेटलेला राहतो, बाकी काही होत नाही. बल्ब पेटला म्हणजे धारा चालू आहे, ही खूणही आपोआप मिळते. बॅटरीच्या धन टोकालाच ५ अँपिअरचा फ्यूज लावा. बल्ब तापतो, त्याला हात लावू देऊ नका. या मांडणीत १ सें.मी.वर सुई ४० अंशांच्या पुढे जाते. मागच्या बाकावरूनही दिसते.

बॅटरी नसेल तर वेढे वाढवा. रिकाम्या काड्यापेटीभोवती लांबीच्या दिशेनं दहा वेढे घालून छोटी डबी आत सरकवली की सुईच्या वरून आणि खालून जाणाऱ्या तारा एकाच बाजूला जोर लावतात. मग १०० मिलिअँपिअरलासुद्धा सुई ५५ अंशांच्या आसपास जाते. पेटी अर्थात दक्षिणोत्तर.

थोडा इतिहास. कोपनहेगनच्या हान्स क्रिश्चन अर्स्टेडनं हे १८२०च्या एप्रिलमध्ये व्याख्यानात दाखवलं आणि २१ जुलैला लॅटिनमध्ये चार पानांचं टिपण छापून युरोपभर धाडलं. सप्टेंबरमध्ये पॅरिसला अँपिअर या शास्त्रज्ञानं दोन तारा समांतर ठेवून दाखवलं की एकाच दिशेच्या धारा एकमेकींना ओढतात आणि उलट दिशेच्या ढकलतात. तिथे चुंबक औषधालाही नव्हता.

आपल्याकडची गोष्ट याहून कमी सांगितली जाते. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामची धारा डीसी, म्हणजे एकाच दिशेची, परतीची वाट रुळांतून, आणि रुळांतून काही भाग जमिनीत. त्या धारांचं क्षेत्र वेधशाळेच्या नाजूक सुयांना हलवणार, हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय नोंदी अलिबागला नेल्या. तिथली इमारत लोखंडाचा खिळाही न वापरता, चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड आणून बांधली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जुळवता यावेत. १९०७मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. ‘धारेमुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं’ या वाक्याला यापेक्षा मोठं उदाहरण महाराष्ट्रात नाही, आणि अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे. शाळेची सहल किल्ल्यावर जातेच, तेव्हा तिचं नाव तरी काढावं.

पुठ्ठ्यातून सरळ तार आणि भोवती लोहकिसाची वर्तुळं, ही आकृती प्रत्येक पुस्तकात असते, पण प्रत्यक्षात ती एका तारेनं आणि दोन सेलनं उमटत नाही. सुई टोकावर तोललेली असते, कीस कागदावर घासतो. त्याला वळवायला किती तरी पट जास्त क्षेत्र लागतं. मोठ्या धारेऐवजी एकाच भोकातून तार वीस वेळा ओवा. २० गुणिले पावणेदोन, म्हणजे ३५ अँपिअरच्या एका तारेचं काम झालं. वेढे ३० सें.मी. बाजूच्या चौकोनी चौकटीवर घ्या, म्हणजे परत येणाऱ्या तारा पुठ्ठ्यापासून दूर राहतील. कीस अगदी पातळ भुरभुरावा, मैद्याच्या चाळणीतून गाळून. धारा सुरू करून पुठ्ठ्याला कडेनं हलक्या टिचक्या माराव्यात. भोकापासून दोन-तीन सें.मी.पर्यंत वर्तुळं दिसतात, त्यापुढे नाही, आणि नाही दिसली तर ती रेटून काढायचीही नाहीत.

लेथवाल्याकडून आणलेला कीस तेलकट असतो, गोळे होतात. साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात लगेच वाळवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत गंज. कीस मिळालाच नाही तर नदी गाठा. आपल्या काळ्या पत्थरातून झिजून आलेल्या वाळूत मॅग्नेटाइटचे बारीक काळे कण असतात. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूतून फिरवा, बाजूला नेऊन पिशवीतून चुंबक काढून घ्या, कण आपोआप गळतात. पिशवीशिवाय फिरवलात तर चुंबकाला दाढी फुटते आणि ती शेवटपर्यंत निघत नाही.

खिळ्याचा विद्युतचुंबक हा दुसरा नेहमीचा प्रयोग. चार इंची साधा लोखंडी खिळा, त्यावर कागदाचा एक पदर, वर २६ गेजची इनॅमलची तार. रिवाइंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते, १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ६८ मीटर येते. एका खिळ्याला सहा मीटर पुरते. ७ सें.मी. लांबीत एका थरात साधारण १४० वेढे बसतात, दोन थरांत २८०. रोध सुमारे ०.६ ओहम. मोठ्या टॉर्चच्या एका ताज्या सेलवर एक-दीड अँपिअर जाते. पाच सेकंद चालू, मग बंद. दोन-तीन मिनिटं चालू ठेवलं तर खिळा गरम आणि सेल थंड.

हा चुंबक चालत नाही याची पहिली शंका टोकांवर घ्यावी. इनॅमल तांब्याच्याच रंगाचं, पारदर्शक, त्यामुळे तार उघडीच आहे असं वाटतं. ती उघडी नसते. दोन्ही टोकं दोन-दोन सें.मी. पॉलिश पेपरनं चहूबाजूंनी घासा, फिकट गुलाबी चमक आली म्हणजे झालं. दुसरी शंका परतीच्या थरावर. पहिला थर टोकापर्यंत नेऊन मागे फिरताना खिळ्याच्या दृष्टीनं तार उलट दिशेला सरकते, पण फिरण्याची दिशा तीच राहायला हवी. घड्याळाच्या काट्याप्रमाणे चालला होतात तर परतीतही तसंच. काही मुलं वळणावर हात बदलतात आणि वेढे उलटे पडतात. मग पहिल्या थरानं केलेलं दुसरा थर पुसून टाकतो आणि २८० वेढ्यांचा चुंबक एक टाचणी उचलत नाही. तिसरी गोष्ट खिळ्याची. सिमेंटच्या भिंतीत ठोकायचा चकचकीत कडक खिळा घेतला तर धारा बंद केल्यावरही टाचण्या लोंबकळत राहतात, आणि ‘विद्युतचुंबक तात्पुरता असतो’ हे वाक्य खोटं पडतं. साधा खिळासुद्धा चुलीत लाल करून राखेत रात्रभर हळूहळू थंड होऊ दिला तर मऊ होतो आणि चुंबकत्व चटकन सोडतो.

‘विद्युतचुंबक किती वजन उचलेल’ या प्रश्नावर मुलं वेढे वाढवत बसतात, पण खरी मेख फटीत असते. इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जननं १८२५मध्ये नालेसारखं वाकवलेलं सुमारे २०० ग्रॅमचं लोखंड घेऊन, त्यावर उघड्या तारेचे अठराच वेढे घालून चार किलो उचलले होते. नालेची दोन्ही टोकं एकाच पट्टीला टेकतात, बलरेषांची वाट लोखंडातूनच पुरी होते. दोन्ही टोकांशी ०.१ मि.मी., म्हणजे एका कागदाएवढी फट असेल, तर फटीत १ टेस्ला क्षेत्र आणायला सुमारे १६० अँपिअर-वेढे (धारा गुणिले वेढे) लागतात. तीच फट १ मि.मी. केली की १६००. आणि १ टेस्लाला प्रत्येक चौरस सें.मी.वर ओढ चार किलोंची. गंजाचा एक पापुद्रा किंवा रंगाचा एक हात ही ओढ कुठल्या कुठे नेतो.

शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये हेच घडतं. हिरवं बटण दाबलं की कॉईल लोखंडी तुकडा ओढून धरते. कॉईल एसीवर चालते, म्हणजे क्षेत्र सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतं. तुकडा तेवढ्या वेळा सुटू नये म्हणून गाभ्याच्या तोंडाशी तांब्याची एक कडी खोचलेली असते. तिच्यात निर्माण होणारी धारा थोडी मागून येते आणि मूळ क्षेत्र शून्यावर असताना आपली ओढ लावून धरते. ही कडी तडकली की स्टार्टर भुंग्यासारखा गुरगुरतो. गुरगुरण्याचं दुसरं कारण फट : गाभ्यावर धूळ-ग्रीसचा लेप, कुंभारणीचं मातीचं घर, अडकून मेलेली पाल. तुकडा पुरता मिटत नाही, आणि एसी कॉईलमध्ये फट राहिली की तिचा विरोध कमी होऊन धारा कित्येक पटींनी वाढते. कॉईल त्यामुळे जळते. पुष्कळदा दोष व्होल्टेजला दिला जातो, नवी कॉईल बसते, पालीचा सांगाडा तसाच राहतो, आणि पंधरा दिवसांत ती कॉईलही जाते. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून, गाभ्याची दोन्ही तोंडं कोरड्या फडक्यानं पुसा. कानशीनं घासू नका, तोंडं सपाट राहायला हवीत.

वर्गात आणखी एक प्रश्न हमखास येतो : घरातल्या वायरिंगजवळ सुई का हलत नाही? एक कारण हे की ५० हर्ट्झला सुई उजवीकडे वळायच्या आत डावीकडे वळायचा हुकूम येतो. दुसरं जास्त महत्त्वाचं : फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी असतात, धारा सारख्या आणि उलट, त्यामुळे बाहेर दोघींचं क्षेत्र एकमेकीला खाऊन टाकतं. वायरमनचा टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती जबडा मिटवून धारा मोजणारं यंत्र, आणून दाखवा. इस्त्रीच्या अख्ख्या केबलभोवती त्याचा जबडा मिटवला तर तो शून्य दाखवतो, केबलचा फक्त फेज धरला तर चार अँपिअरच्या पुढे. (त्यासाठी केबल चालू असताना सोलायची नाही, एक्स्टेन्शन बोर्डाच्या तिन्ही तारा आधीच सुट्या करून घ्याव्यात.) घरातला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून बंद पडणारा स्विच, याच शून्यावर लक्ष ठेवून असतो. जाणारी आणि येणारी धारा ३० मिलिअँपिअरनं जुळली नाही की गेली कुठे तरी, कदाचित माणसातून जमिनीत, म्हणून तो धारा तोडतो.

आता कायम चुंबक. पुस्तकात त्याचा धडा वेगळ्या इयत्तेत, धारेचा वेगळ्या इयत्तेत, आणि मधला पूल कुणी बांधत नाही. पट्टी चुंबकाचा लोहकिसाचा आकृतिबंध आणि नालकुंतलाचा, म्हणजे तारेच्या लांब गुंडाळीचा, आकृतिबंध शेजारी ठेवले तर बाहेरून ते सारखेच. हा योगायोग नव्हे. अँपिअरनंच सुचवलं होतं की चुंबकाच्या आत बारीक बारीक फिरत्या धारा असाव्यात. आज आपण त्याचं श्रेय मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या चुंबकत्वाला देतो, पण हिशेब अँपिअरच्याच रीतीनं बसतो. सगळे कण एका दिशेला लागले की आतल्या शेजाऱ्यांच्या धारा एकमेकींना खोडून काढतात आणि बाकी उरते ती चुंबकाच्या अंगाभोवतीची. ती किती? शेंगदाण्याएवढ्या, १ सें.मी. जाडीच्या निओडिमियम चुंबकाला, क्षेत्र १.२ टेस्ला धरलं तर, सुमारे ९५०० अँपिअर. स्पीकरच्या मागच्या काळ्या फेराइटला प्रत्येक सें.मी.मागे ३००० च्या आसपास. एवढी धारा तारेत खेळवायची तर तार वितळून जाईल. चुंबकात काहीच तापत नाही, कारण तिथे कुणी रोधातून ढकलला जात नाही. चुंबक तोडला तर दोन चुंबक का होतात, तेही यातच आलं : वेढ्यांची गुंडाळी मध्ये कापली तर दोन गुंडाळ्याच होतात.

कणांची ही रांग मोडते ती उष्णतेनं, हादऱ्यानं आणि उलट क्षेत्रानं. साध्या प्रतीचा निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचा मार खाऊ लागतो, म्हणून त्याला सोल्डर करायला जाऊ नये. ड्रिलनं भोक पाडायलाही जाऊ नये, तो ठिसूळ असतो आणि त्याचा भुगा पेट घेतो. लहान मुलानं असे दोन चुंबक गिळले असतील तर वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय. आतड्यांच्या दोन घड्या मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात.

प्रयोगशाळेतले जुने पट्टी चुंबक पोलादाचे नाहीतर अल्निको या मिश्रधातूचे असतात आणि ते स्वतःच्याच क्षेत्रानं उतरतात. एकाच डब्यात सगळे उत्तर टोक एकीकडे करून रचले की वर्षभरात टाचणीला महाग होतात. जोडीजोडीनं ठेवा, एकाचं उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिणेशेजारी, मध्ये लाकडाची पट्टी, आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचा तुकडा आडवा. या तुकड्यांना कीपर म्हणतात. खोक्यात नवे येतात तेव्हा ते असतात, मग पॅकिंगचा भाग समजून फेकले जातात.

उतरलेला पोलादी चुंबक पुन्हा चढवता येतो. ३ सें.मी. बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर १० सें.मी. लांबीत २२ गेजची तार चार थरांत ५०० वेढे. तार ५२ मीटर, वजन २०० ग्रॅमच्या आत, रोध सव्वादोन ओहम. १२ व्होल्टला पाच अँपिअरच्या वर जाते, म्हणून इथे बल्ब नाही आणि फ्यूज १० अँपिअरचा. उजव्या हाताची बोटं धारेच्या दिशेनं वळवा, अंगठा ज्या तोंडाकडे जाईल तिकडे चुंबकाचं उत्तर टोक करून तो आत ठेवा. दोन-तीन सेकंद धारा, बंद, पुन्हा एकदा. चुंबक उलटा ठेवलात तर टोकांची अदलाबदल होईल आणि रंग खोटा ठरेल. धारा तोडताना गुंडाळी ठिणगी टाकते आणि बोटाला झटकाही बसू शकतो. तिच्या दोन टोकांवर ४००७ नंबरचा डायोड (धारा एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) उलटा, पट्टीची बाजू धन टोकाकडे करून जोडला की तो प्रश्न मिटतो. हाच प्रयोग घरच्या २३० व्होल्टच्या प्लगवर कुणीही, कसल्याही घाईत करू नये. अल्निको मात्र यानं पुरता चढत नाही. त्याला याच्या आठ-दहा पट क्षेत्र लागतं, तो उत्पादकाकडेच पाठवावा लागतो.

राहता राहिलं जर्नल. मंडळाकडे आणि परीक्षकांकडे मागणी एवढीच आहे की ‘विचलित झाली’ या वाक्याच्या जागी तीन रकान्यांचा तक्ता मागावा : धारा, तारेचं सुईपासून अंतर, अंश. धारा एकदा सुलट आणि एकदा उलट सोडून दोन्ही अंशांची सरासरी घ्यावी, म्हणजे डबी थोडी तिरकी असली तरी चालते. दहावीच्या मुलाला त्रिकोणमिती येत असते. पावणेदोन अँपिअर, २ सें.मी., तारेचं क्षेत्र १७.५ मायक्रोटेस्ला. सुई २५ अंशांवर थांबली. टॅन २५ म्हणजे ०.४६६. १७.५ भागिले ०.४६६ केलं की ३७.५ येतात, आणि पृथ्वीचा आडवा जोर मुलाच्या स्वतःच्या वहीत उतरतो. उत्तर ५० किंवा २० आलं तर आधी टेबलाच्या पायांकडे बघावं.

आपले,
शालेय प्रयोगशाळांची साधनं जोडणारे-दुरुस्त करणारे दोघे,
सातारा